विश्वंभरबुवांची मंडळी

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेत त्यांनीही इकडे या, माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे. बुवांचा चहा चाललाय, तबलजी हातोडी घेऊन तबल्याची समजूत काढत बसलाय. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही. म्हणजे तशी देवाचीच, पण तिच्यात देव कुठे दिसत नाही. दिसतात ती दोन घरं, मधली एक भिंत आणि नगरपरिषदेचा एक नियम. नियमाचं नाव काढलं म्हणून उठू नका. गोष्ट माणसाचीच आहे.

तर चैत्र सरत आला होता. दिवेलागणीची वेळ. पिंपरसावळीच्या नव्या वसाहतीत एका फाटकापाशी मी सायकल लावत होतो. आतून झांजेचा आवाज येत होता आणि त्यावर एक खणखणीत गळा :

"अहो, सरका, सरका थोडं पुढे! मागच्यांना दिसत नाही. आणि बायकांच्या अंगाला वाट मोकळी ठेवा. हां, आता कसं! बोला, पुंडलिक वरदे..."

मी मनाशी म्हटलं, तक्रार खरी दिसते. अंगण चांगलं भरलंय.

फाटक उघडून चपला काढायला वाकलो, तेव्हा पहिल्यांदा मन चरकलं. पायरीशी एकच जोड होता. जुना, अंगठा झिजलेला.

मान वर केली. अंगणभर सतरंज्या अंथरलेल्या, सुरकुती नाही एकीला. उदबत्तीचा वास. तुळशीजवळ समई. आणि समोर, फेटा, उपरणं, कपाळी बुक्का अशा पुऱ्या वेषात एक सत्तरीचे गृहस्थ उभे. डाव्या बाजूला वळून ते म्हणाले, "तबलजी, लय जरा धरून. घाई कुठे आहे आपल्याला?" डाव्या बाजूला एक कुंडी होती, मोगऱ्याची.

अंगणात कोणी नव्हतं. एक माणूस नव्हता.

मी तसाच उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, पण कीर्तन मोडलं नाही. उशिरा आलेल्या श्रोत्याला कीर्तनकार करतो तसा एक हात छातीशी नेला आणि म्हणाले, "या. बसा मिळेल तिथे."

मिळेल तिथे! मी बसलो.

हे होते विश्वंभरबुवा चौथाईवाले. आणि मी खिस्ते, नगरपरिषदेतला रचना सहायक. गावाच्या नकाशावर कुठे राहायचं, कुठे दुकान थाटायचं, कुठे कारखाना घालायचा हे रंगांनी दाखवलेलं असतं. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्याचा. त्या रंगांची राखण करणं हे माझं काम. पिवळ्यात कोणी पिठाची गिरणी घातली की मी जायचो, मोजायचो, लिहायचो. बायको-मुली शिक्षणासाठी लातूरला, मी पिंपरसावळीत एका खोलीत. संध्याकाळी कुठे कीर्तन असलं की माझे पाय आपोआप तिकडे वळत. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली आख्यानं अंगात भिनली होती, दुसरं काय.

बुवांच्या शेजारी सोनटक्के म्हणून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. तक्रार त्यांची. रहिवासी भूखंडावर रोज सायंकाळी सार्वजनिक जमाव भरतो, सबब बंदोबस्त व्हावा. आमचा नियमही तसा स्पष्ट होता. घरच्या माणसांपुरतं देवकार्य राहत्या घरात चालेल. पण बाहेरची माणसं नित्य जमवायची असतील तर ती जागा सभागृह धरली जाईल, आणि त्या गल्लीत सभागृहाला परवानगी नाही. म्हणजे जमाव ठरला तर बुवांचं कीर्तन बंद.

त्या दिवशी बुवांनी भरताचं आख्यान लावलं होतं. नंदिग्रामात बसलेला भरत. सिंहासनावर पादुका, आणि हा रोज संध्याकाळी पादुकांसमोर हात जोडून दिवसभराचा कारभार सांगतोय. दादा, आज अमक्या गावी पाऊस झाला. दादा, आज तमक्याचा न्याय केला, चुकलं असलं तर सांग.

"आणि मंडळी," बुवा म्हणाले, "मग भरत थांबायचा. कशासाठी? अहो, उत्तरासाठी! समोरच्याला बोलायला अवधी नको का द्यायला? काय, बरोबर ना?"

ते थांबले. 'हो' म्हणायला सभेला लागतो तेवढाच वेळ थांबले. मग मान डोलावून पुढे निघाले. माझ्या तोंडून 'हो' निघालाच नाही. मी वळून मागे पाहिलं. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं होतं की मागे कोणीतरी असेल.

आरती झाली. बुवांनी परातभर चुरमुरे-फुटाण्यांची खिरापत केली होती. माझ्या ओंजळीत घालून ते म्हणाले, "नवीन दिसता. कुठले?"

"नगरपरिषदेतून आलोय बुवा. पाहणीला."

"अरे वा! मग कसं वाटलं?"

"कीर्तन? फार दिवसांनी असा भरत ऐकला. पण बुवा, बाकीची मंडळी...?"

त्यांनी परातीकडे पाहिलं. "आज जरा कमी आहेत. लगीनसराई चालू आहे ना."

मी चुरमुरे तोंडात टाकले. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. जुन्या गावात बालाजीच्या देवळापुढे त्यांचं कीर्तन चाले तेव्हा लोक ओट्यांवर, जोत्यांवर, बैलगाडीच्या साट्यावर बसत. मग रस्ता रुंद झाला. ती आळी नकाशात निळी झाली, घरांची दुकानं झाली, माणसं पांगली. बुवांना बदल्यात हा भूखंड मिळाला. कावेरीबाई, त्यांची बायको, होत्या तोवर ठीक होतं. त्या पेटीवर बसायच्या आणि त्याच ऐकायच्या. "तिचा 'हो' फार छान असायचा," बुवा म्हणाले. "हळू, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचा." त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

मी अहवाल लिहिला. जे पाहिलं तेच लिहिलं : पाहणीवेळी भूखंडावर बाहेरील श्रोते आढळले नाहीत.

काम तिथेच संपायला हवं होतं. पण सोनटक्के सुनावणी मागून बसले. आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी मला बाजारात बुवा भेटले. मी त्यांना गाठून म्हटलं, "बुवा, उद्या मुख्याधिकारी मॅडम विचारतील, किती लोक येतात? सांगा, कोणी येत नाही. संपलं. घरचं देवकार्य ठरतं, कोणी तुम्हाला हात लावू शकत नाही."

बुवा कोथिंबिरीची जुडी निवडत होते. ती हातातच राहिली.

"असं कसं म्हणू?"

"अहो, खरंच आहे ते!"

"खिस्तेसाहेब, तुम्ही कीर्तन ऐकणारे आहात म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या सकाळी कचेरीत म्हणायचं, कोणी येत नाही. आणि संध्याकाळी त्याच तोंडाने नारदाच्या गादीवर उभं राहून म्हणायचं, मंडळी, पुढे सरका. होईल का ते? जीभ उचलेल का?" त्यांनी जुडी परत टोपलीत ठेवली. "गुरुजींनी मला सांगितलंय, समोर सभा दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मला दिसते. एकदा चारचौघांत 'नाही' म्हटलं की दिसायची थांबेल."

"पण 'आहे' म्हणालात तर नियमाने बंद होईल."

"नियमाने बंद झालं तर ते सरकारने बंद केलं. मी नव्हे."

भाजीवाली म्हणाली, "आजोबा, जुडी घ्यायची का नुसतं भाषण?" बुवांनी तिला हात जोडले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आम्ही बसलो. तांबटकर मॅडम नव्याने आलेल्या, वयाने तरुण, पण ऐकून घेणाऱ्या. टेबलाच्या एका अंगाला सोनटक्के. इस्त्रीचा सदरा, मांडीवर छत्री आडवी धरलेली. दुसऱ्या अंगाला बुवा, कीर्तनाचा फेटा बांधून आलेले. शिपाई उस्मानभाईंनी मला कानात विचारलं, "साहेब, हे आजोबा लग्नाला निघालेत का?" मी म्हटलं, गप बसा.

"सोनटक्के," मॅडम म्हणाल्या, "तुमचं नेमकं म्हणणं काय?"

"मॅडम, मी आयुष्यभर भाड्याने राहिलो. एका बाजूला टॉकीज, दुसऱ्या बाजूला भाताची गिरणी. बायको म्हणायची, मरायच्या आधी एक रात्र शांत झोप द्या. तिला काही ती मिळाली नाही. निवृत्तीनंतर मी नकाशा बघून जागा घेतली. पिवळा रंग बघून. या साहेबांच्या खात्याने रंगवलाय तो. पिवळा म्हणजे राहण्याचा की नाही?"

"राहण्याचाच. त्यासाठीच नियम आहे. शेजाऱ्याच्या वापराने माणसाचं घर घर राहायचं थांबू नये, एवढाच त्याचा हेतू. आवाजाचा त्रास होतो का? भोंगा लावतात?"

"भोंगा नाही."

"रात्री उशिरापर्यंत चालतं?"

"नाही, तसं दिवेलागणीला सुरू, जेवायच्या वेळेआधी बंद."

"रस्त्यावर वाहनं लागतात? येण्याजाण्याला अडचण?"

"वाहनं... वाहनं नसतात. चालत येत असतील."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग अडचण काय आहे?"

"जमाव, मॅडम! नियमात जमाव लिहिलंय. अडचण लिहिलेली नाही."

"नियमात शब्द असतो, सोनटक्के. पण तो कशासाठी घातला ते बघूनच वाचायचा असतो. बरं, जमाव किती असतो?"

"अंगण भरून. पन्नास-साठ कुठे गेले नाहीत."

"तुम्ही पाहिलाय?"

"मधे माझी भिंत आहे. उंच आहे. पण ऐकतो ना! रोज ऐकतो. रोज हे सांगतात, पुढे सरका, मागच्यांना दिसत नाही. बायकांना वाट द्या. परवा तर म्हणाले, 'अहो, दारात उभे का, आत या, जागा होईल.' जागा पुरत नाही इतकी माणसं येतात आणि हे साहेब लिहितात, कोणी आढळलं नाही!" छत्रीचं टोक माझ्याकडे वळलं. "का लिहितात ते मी सांगतो. हे स्वतः कीर्तनवेडे आहेत. दत्ताच्या देवळात दर गुरुवारी पहिल्या रांगेत टाळ्या पिटत असतात. पाहणीला आले आणि आरतीपर्यंत बसून राहिले; फाटकाशी सायकल होती यांची. प्रसाद खाऊन गेले. ही पाहणी झाली का?"

मॅडमचा चेहरा बदलला. त्याचं कारण मला ठाऊक होतं. माझ्या जागी आधी असलेला माणूस दुकानांच्या पाहणीत खोटं लिहिल्यावरून नुकताच घरी बसला होता, आणि गावात अजून त्याचीच चर्चा होती.

"खिस्ते, तुम्ही आरतीपर्यंत थांबलात?"

"हो मॅडम."

"प्रसाद घेतलात?"

"घेतला. चुरमुरे होते."

उस्मानभाई खोकले. मॅडम हसल्या नाहीत. त्या बुवांकडे वळल्या. "बुवा, सोनटक्के म्हणतात ते तुम्ही रोज म्हणता? पुढे सरका वगैरे?"

"म्हणतो."

"म्हणजे लोक येतात?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताठ बसून म्हणाले, "अंगण भरतं."

मी डोळे मिटले. पांडुरंगा, म्हटलं, आता तुझं तू बघ.

"ऐकलंत, मॅडम?" सोनटक्के खुर्चीत पुढे सरकले. "त्यांनीच कबूल केलं!"

मॅडमनी माझा अहवाल समोर ओढला. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द सुटा सुटा आला. "खिस्ते, जागेचा मालक म्हणतो अंगण भरतं. शेजारी म्हणतो अंगण भरतं. तुम्ही लिहून देता, कोणी नव्हतं. मग खोटं कोण बोलतंय? हे असं राहिलं तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल. चौकशी होईपर्यंत कामावर ठेवता येणार नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायचं तर खूप होतं. म्हणायचं होतं, मॅडम, मी तिथे एकटाच होतो. तुम्ही आज संध्याकाळी स्वतः चला. पण ते बोलायला मी बुवांकडे पाहिलं, आणि तोंडाला कुलूप लागलं. त्या फेट्याखालचा चेहरा मी पाहिला होता, मोगऱ्याच्या कुंडीला लय धरायला सांगताना. दोन मुली लातूरला, त्यांची शाळा, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"काही नाही, मॅडम," मी म्हटलं. "जे पाहिलं ते लिहिलंय."

तेव्हा बुवा हलले. त्यांनी दोन्ही हात वर नेले, फेटा उतरवला आणि जपून, जसाच्या तसा, मांडीवर ठेवला. डोकं उघडं पडल्यावर एकदम खूप म्हातारे दिसले.

"या साहेबांनी लिहिलंय ते खरं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कोणी येत नाही."

"बुवा, आत्ताच तुम्ही म्हणालात, अंगण भरतं..."

"म्हणालो. मॅडम, आपल्यापायी दुसऱ्याचं घर बुडू द्यायचं नसतं, हे मी आयुष्यभर लोकांना गाऊन सांगितलंय." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी फक्त स्वतःला सांगावं तसं. "कोणी येत नाही. माझी बायको गेल्यापासून एकही माणूस आलेला नाही. हे आले, ते पाहणीला."

सोनटक्क्यांची छत्री मांडीवरून घसरून खाली पडली. ती कोणी उचलली नाही.

"मग... मग पुढे सरका कुणाला म्हणता?"

"तसं म्हणायचं असतं," बुवा म्हणाले.

"आणि दारात उभे का, आत या?"

बुवांनी मांडीवरच्या फेट्यावरून हात फिरवला.

सोनटक्के त्यांच्याकडे वळले. मग जे बोलले ते मॅडमना नव्हतं, मला नव्हतं. "मी इथे राहायला आलो तेव्हापासून ऐकतोय. रोज संध्याकाळी खुर्ची भिंतीशी घेऊन बसतो. मनात म्हणायचो, सगळं गाव बोलावतो हा माणूस. अगदी दारात उभ्या असलेल्यालाही आत घेतो. आणि भिंतीला भिंत लागून मी, एकटा, मला एकदा म्हणून हाक मारली नाही. मला त्याचाच राग होता हो. आवाजाचा नव्हता."

"मला वाटलं तुम्हाला आवडत नसेल," बुवा म्हणाले. "भिंत तुम्ही वाढवलीत."

"ती इथे राहायला यायच्या आधीच वाढवली होती. तुमचं गाणं मला तेव्हा ठाऊक कुठे होतं?"

तांबटकर मॅडमनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मग त्यांनी निर्णय सांगितला. बाहेरील व्यक्तींचा जमाव नाही, वापर घरगुती धर्मकार्याचा, नियमाचा भंग नाही, तक्रार निकाली. "बुवा, तुम्ही जिंकलात," त्या म्हणाल्या, शक्य तितक्या मायेने. "आता निर्धास्त कीर्तन करा. कोणी अडवणार नाही."

"हो," बुवा म्हणाले. फेटा त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवला नाही. पिशवीत घातला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. झांज ऐकू येईना. फाटक उघडं होतं. सतरंज्या गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या. तुळशीपाशी समई तेवत होती, आणि बुवा नुसत्या धोतर-सदऱ्यावर पायरीवर बसले होते.

"आज नाही?" मी विचारलं.

"कुणाला सांगू?"

मी एक सतरंजी उलगडून त्यावर बसलो. काही वेळ आम्ही दोघे पाखरांची घरी परतायची गडबड ऐकत होतो. मग फाटक वाजलं. सोनटक्के होते. गुडघे दुखतात म्हणून घरून लाकडी खुर्ची उचलून आणली होती. ती सतरंजीच्या कडेला ठेवून, इस्त्रीचा सदरा सारखा करून ते म्हणाले, "मी ऐकायला आलोय."

"या, बसा," बुवा म्हणाले.

"कालचं अर्धं राहिलं होतं. परत पहिल्यापासून लावलेला भरत चित्रकूटला निघाला होता."

"तुम्हाला आठवतंय?"

"शब्द न् शब्द."

बुवा उठले. तुळशीला नमस्कार केला, झांज हातात घेतली. मी मनात म्हटलं, झालं, गाडी रुळावर आली. त्यांनी डोळे मिटून नमन गायलं. गळा तसाच, खणखणीत. नमन संपलं. आता 'मंडळी' म्हणायची जागा आली. त्यांनी डोळे उघडले. अंगणावरून नजर फिरवली, मागच्या भिंतीपर्यंत, बायकांच्या बाजूला, दारापाशी. ओठ हलले. मग झांज खाली ठेवून ते आमच्यासमोर मांडी घालून बसले.

"नाही जमत," ते म्हणाले. "रिकाम्या अंगणात मला सगळे दिसायचे हो. ती दिसायची. आता तुम्ही दोघेच दिसता."

आम्ही दोघे मान खाली घालून बसलो. आणखी माणसं असती तर बरं झालं असतं, आणि आम्हीही नसतो तर त्याहून बरं झालं असतं, असं मला वाटलं. सोनटक्क्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खुर्चीवरून उठू लागले.

"बसा हो," बुवा म्हणाले. "कुठे निघालात? भरत वाटेवर आहे." आणि त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. न गाता. जेवणं झाल्यावर घरातल्या वडीलमाणसाने ओट्यावर बसून सांगावी तशी.

त्यानंतर ते रोज सांगत राहिले. कधी मी असायचो, कधी नसायचो, सोनटक्के असायचेच. पुढे सोनटक्क्यांनी मधली भिंत फोडून तिच्यात एक दार बसवलं, मला न विचारता, परवानगी न काढता. येता-जाता मला ते दिसायचं. मॅडमनाही एकदा दिसलं. त्या म्हणाल्या, "खिस्ते, हे दार नकाशात नाही." मी म्हटलं, "नाही मॅडम." त्या पुढे चालू लागल्या.

पण विश्वंभरबुवा पुन्हा उभे राहिले नाहीत. फेटा बांधला नाही. 'मंडळी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून परत ऐकला नाही. माझी बदली झाली, लातूरला गेलो, मुली वाढल्या, लग्नं होऊन गेल्या. एका मार्गशीर्षात सोनटक्क्यांचा फोन आला. बुवा संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेले. सोनटक्के समोरच होते. "गोष्ट अर्धी राहिली," ते म्हणाले.

माझी नोकरी, माझ्या मुलींची शाळा, आज मी इथे तुमच्यात सुखाने बसलोय, हे सगळं त्यांनी त्या दालनात जे उतरवून ठेवलं त्याच्यावर उभं आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. श्राद्धाला नाव घेणारं कोणी नाही. मी घेतो, पण मी किती दिवसांचा?

म्हणून एवढंच मागतो. उद्या संध्याकाळी घरी दिवा लावाल तेव्हा देवाच्या नावामागून एक नाव घ्या : विश्वंभर त्र्यंबक चौथाईवाले, कीर्तनकार. घरात ऐकायला कोणी नसलं तरी घ्या. मोठ्याने घ्या.